‘वी’ म्हणजे कोण?

मी फळा बोलतोय, बिरसी गावातल्या मनकर्णाबाईंच्या खानावळीतला. सुखराम सुताराने मला त्यांच्या मुलाच्या, गजेंद्रच्या अभ्यासासाठी बनवलं. गजेंद्र शिकला, नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि मी कित्येक वर्षं धानाच्या पोत्यांमागे पडून राहिलो.

पुढे गावाजवळच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी मुलं बाईंकडे जेवायला येऊ लागली. तेव्हा त्यांनी मला पुसून भिंतीवर टांगलं. रोज सकाळी माझ्यावर लिहायच्या: भात, लाखोरीचं वरण, भाजी.

त्या मुलांत नागपूरची रुची होती. एकदा बाई तिला म्हणाल्या, “मले इंग्रजी शिकव. नातीसंग बोलाचं हाये.” नात टीना हैदराबादलाच वाढलेली. तिला मराठी कळायची, पण बोलायची इंग्रजीतच.

जेवणं आटोपली की माझ्यासमोर धडा सुरू व्हायचा. पहिल्याच दिवशी रुचीने स्वतःकडे बोट दाखवलं. “आय ॲम रुची. यू आर काकू. आता तुम्ही म्हणा.”

“आय ॲम रुची. यू आर काकू.”

“नाही काकू, तुम्ही बोलता तेव्हा ‘आय’ म्हणजे तुम्ही!”

“आत्ता त तू होतीस!”

रुची हसत हसत खालीच बसली. बाईही हसल्या. ते हसू अजून या खोलीत आहे, असं मला वाटतं.

मग ‘वी’ची पाळी आली. बाईंनी विचारलं, “म्हंजे आमी, का आपण?”

रुची विचारात पडली. “इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. त्यात कोण कोण धरलंय, ते बोलण्यावरून ओळखायचं.”

शिक्षण संपवून रुची गेली. दिवाळीच्या तोंडावर टीनाचा फोन आला. “आजी, वी आर नॉट कमिंग.”

या ‘वी’त आपण नाही, हे बाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एरवी गजेंद्रने असं सांगितलं की त्या नुसतं “बरं” म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फोन घट्ट धरून म्हणाल्या, “टीना, आय ॲम कमिंग.”

“अलोन, आजी?”

“हो. गाडीत बसून येऊन राहिली मी.”

आणि गेल्या. आता होळीही होऊन गेली. शेजारची मंजू किल्ली घेऊन झाडायला येते आणि बाई तिकडे रमल्याचं सांगते. खानावळ बंद आहे. माझ्यावर शेवटच्या दिवसाची वांग्याची भाजी अजून वाचता येते.

मंजू, माझ्यावरची धूळ झटक, पण अक्षरं राहू दे. त्यांच्या हातची आहेत.