आत काय दिसलं

“फरशीचे तुकडे?” मावशींनी विचारलं. “फरश्या कुणी पाठवल्या होत्या?”

“कुणीच नाही.” साहेबांनी मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. “पाठवले होते चाकू. पाच. आणि पोचल्या फरश्या.”

फोटोत एक उघडं खोकं होतं. आत पांढऱ्या फरशीचे तुकडे, आणि कोपऱ्यावर तपकिरी चिकटपट्टी. त्या पट्टीवर मावशींचा शिक्का आणि त्यांची तिरकी सही अगदी ठळक दिसत होती.

पार्सलच्या त्या गोदामात मावशी सव्वीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसत. वाटेत फाटलेली, चेपलेली खोकी त्यांच्याकडे येत आणि कोपरे सांधून, पट्टी मारून पुढे जात. सगळं गोदाम त्यांना मावशी म्हणे. साहेब त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तेही मावशीच म्हणत. आज मात्र म्हणाले नव्हते.

खोलीत आणखी एक गृहस्थ उभे होते. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. तीस वर्षं त्यांनी घडीचे चाकू जमवले होते. भाजी चिरायचे नव्हेत. जुन्या कारागिरांच्या हातचे, नुसते बघत बसावं असे. त्यांतले सगळ्यांत चांगले पाच एका लाकडी पेटीत घालून त्यांनी परगावच्या एका शौकिनाला पाठवले होते.

“बाई, माझे चाकू कुठं आहेत?” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बाई’ हा शब्द असा आला, की मावशींच्या हातातला चष्मा निसटता निसटता राहिला.

“मला काय माहीत, डॉक्टर? मी तर ते पाहिलेपण नाहीत.”

“खोकं शेवटी उघडलं ते तुम्ही,” साहेब म्हणाले.

“मी उघडत नाही, साहेब. फाटलेलं बंद करते.”

“ते चौकशीत ठरेल. तोवर घरी थांबा.”

मावशी बाहेर आल्या. पट्ट्यावरून खोकी सरकत होती आणि एरवी जाता-येता टिंगल करणारी माणसं आज माना खाली घालून त्या खोक्यांत गढून गेली होती. बुकिंगच्या खिडकीवरचा भाऊ तेवढा उठला. त्याने मावशींची पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत सोडायला आला. “काळजी करू नका, मावशी. मी आहे ना,” म्हणाला. सबंध गोदामात एवढंच एक माणूस आहे, असं मावशींना त्या वेळी वाटलं.

घरी त्या आणि सून अशा दोघीच असत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासू-सुनेत भांडण असं नव्हतं, पण डब्यांवरून रोज काहीतरी वाजायचं. मावशींना प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागे: साखर कधी भरली, डाळ कधी, लोणचं कधी उघडलं. “मला वास घेता येत नाही का?” सून म्हणायची. मावशी तोवर नवीन चिठ्ठी डकवायच्या.

अशा सुनेला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मावशींनी नेहमीसारखा डबा भरला, नेहमीच्या वेळी घर सोडलं आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या. सहाला उठून घरी आल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. सव्वीस वर्षांत त्यांनी इतकी झाडं इतका वेळ कधी पाहिली नव्हती, आणि आता पाहिली तरी त्यांना त्यातलं एकही दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या चपला काढत होत्या, तोच दारात भाऊ हजर. हातात डझनभर केळी.

“काय मावशी, घरी बसून कंटाळलात की नाही?”

“घरी बसून?” सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कोण घरी बसलंय?”

मग काय, सगळं बाहेर पडलं. भाऊनेच सांगितलं, हळहळत, मध्येमध्ये उसासे टाकत. सून कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मावशी जमिनीकडे बघत होत्या.

“मी मावशींच्या भल्याचं सांगतो,” भाऊ खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “म्हणून टाका, चुकलं, मोह झाला. साहेब मिटवून घेतील. पोलिसांपर्यंत कशाला जाऊ द्यायचं? निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. ताणून धरलंत तर हातचं जाईल सगळं.”

खरं सांगायचं, तर बाकावर बसल्या बसल्या मावशींच्याही मनात हे येऊन गेलं होतं. म्हणावं ‘हो’ आणि सुटावं एकदाचं. त्यांची मान हलायच्या बेतात होती.

“जे केलंच नाही ते कबूल करायचं?” सून म्हणाली.

“ताई, तुम्हाला ऑफिसातलं कळायचं नाही.”

“ऑफिसातलं नाही कळत. सासू कळते. शेजारणीचा चमचा चुकून आमच्यात आला, तर भर दुपारी तीन जिने चढून देऊन येतात ह्या, आणि वर तिला सांगतात, घासून आणलाय म्हणून. ह्या चाकू चोरणार? चोरले असते, तर घरात एक तरी धारेचा दिसला असता. मी टोमॅटो दाबून फोडतेय इथं!”

भाऊ हसला, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चहासुद्धा न घेता उठला.

दार लागलं. सुनेने इतक्या वर्षांत मावशींबद्दल बोललेला हा सगळ्यांत लांब परिच्छेद होता.

“त्या दिवशी काय लिहिलंत तुम्ही?” सुनेने विचारलं.

“कुठं?”

“साखरेच्या डब्यावर तारीख घालणारी बाई तिथं नुसती पट्टी मारून मोकळी होत असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.”

मावशींनी मान वर केली. दुरुस्तीची एक वही होती खरी. कुठलं खोकं, कुठं फाटलं, काय केलं. आणि शेवटी एक रकाना त्यांनी स्वतःच, कधीतरी, पट्टीने आखून घेतला होता: ‘आत काय दिसलं’. सांधताना फटीतून आतलं जरासं दिसतं. काच असली तर कागद जास्त कोंबावा लागतो, म्हणून. तो रकाना कुणी वाचत नसे. साहेब रोज संध्याकाळी पानाखाली न बघता सही ठोकत.

“काय लिहिलं होतं?”

“दिवसाला चाळीस खोकी येतात गं. नाही आठवत.”

“मग उद्या जाऊन बघू. मी कामावर अर्धा दिवस रजा टाकते.”

दुसऱ्या दिवशी दोघी गोदामात गेल्या. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “असं घरच्या लोकांना आणता येत नाही.” पण मुख्य कचेरीतून चौकशीसाठी आलेले अधिकारी तिथेच बसले होते. किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी वही मागवली.

मावशी पान शोधू लागल्या, पण अक्षरं हलत होती. अधिकाऱ्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली, बोट सरकवत एका ओळीवर थांबले आणि मोठ्याने वाचलं:

“खालचा उजवा कोपरा. फाटलेला नाही, कापल्यासारखा. कागद भरून पट्टी मारली. आत: पांढरी फरशी, तुकडे.”

अधिकाऱ्यांनी पानाखालची सही बघितली. “ही तुमचीच ना?” त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी ती अशी निरखली, जणू पहिल्यांदाच बघत होते.

“म्हणजे खोकं यांच्या टेबलावर आलं, तेव्हाच आत फरश्या होत्या. यांच्या आधी ते कुठं होतं?”

“बुकिंगला,” साहेब म्हणाले. “तिथून थेट इकडं.”

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना फोन लावला. आत चाकू आहेत हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं? पलीकडचं उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. “खिडकीवरच्या त्या हसतमुख माणसाला. त्यानंच विचारलं. फार आपुलकीनं.”

भाऊच्या गोदामातल्या कपाटात, जादा शर्टाच्या घडीखाली, ती लाकडी पेटी निघाली. चार चाकू जागेवर होते. पाचवा त्याने दोनच दिवसांपूर्वी एका अनोळखी माणसाला विकून टाकला होता. डाव साधाच होता. पेटी काढायची, तेवढ्याच वजनाच्या फरश्या भरायच्या आणि कोपरा कापून खोकं मावशींकडे ढकलायचं, म्हणजे शेवटचा शिक्का त्यांचा.

हे सगळं मावशींनी बाहेर पट्ट्यापाशी उभ्या उभ्या ऐकलं. मागे जे काही होतं त्यावर त्या मटकन बसल्या. तो नेमका वजनाचा काटा होता. वरचे लाल आकडे भराभर पळाले आणि एकसष्टवर थांबले.

“उठा, सासूबाई,” सून हळूच म्हणाली. “सगळ्यांना वजन कळलं.”

आधी पट्ट्यावरचा एक जण फुसकन हसला, मग सगळेच. मावशींना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडूही, आणि कुठलं आवरावं ते कळेना. “त्याची केळी खाल्ली गं मी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “दोन खाल्ली.”

“मी चार खाल्ली,” सून म्हणाली. “गोड होती.”

आठवड्याने डॉक्टर आले. ती पेटी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. बुकिंगच्या खिडकीकडे न वळता ते सरळ दुरुस्तीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“मी त्या दिवशी तुम्हाला...”

“इथं ठेवा,” मावशी टेबलावरची कात्री बाजूला सारत म्हणाल्या. “पुन्हा पाठवायचेत का?”

“हो. तो शौकीन नुसते चारही घ्यायला तयार आहे. तुम्हीच बांधून द्याल का?”

त्यांनी झाकण उघडलं. ज्यांच्यापायी त्या चोर ठरल्या होत्या, ते चाकू मावशी आज पहिल्यांदा बघत होत्या.

“एवढेसे?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर हसले. त्यांनी एक उघडून मावशींच्या तळव्यावर ठेवला. शिंपल्याची मूठ, तिच्यावर केसाएवढ्या रेघांनी कोरलेली पानं. मावशींनी तो उजेडात धरला, श्वास रोखून बघितला, जपून मिटला आणि परत दिला.

“गेला तो कसा होता?”

“साधाच. काळ्या शिंगाची मूठ.” डॉक्टरांनी पेटीतल्या रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. “मी घेतलेला पहिला. त्याच्या नादानं बाकीचे जमले.”

मावशींनी चार चाकू एकेक करून मऊ कागदात गुंडाळले आणि आपापल्या खाचेत बसवले. मग एक स्वच्छ फडकं घेतलं, त्याची लांबट, घट्ट घडी केली, बोटांनी मापात आणली आणि पाचव्या खाचेत अलगद दाबून बसवली.

“हे कशाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोकळं राहिलं तर बाकीचे हलतात,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी झाकण लावलं, पेटी कानाशी नेऊन हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही. तरी त्यांनी आणखी एकदा हलवली, आणि डॉक्टरही मान वाकवून ऐकू लागले.