खड्का दाजूंची सायकल

"हात तर लाव त्या सायकलला, तंगडंच मोडते तुझं!" आमा झारा उगारून ओरडली.

"मग काय करू? भिंतीशी बोलू?" निमेषपण ओरडला.

खालच्या म्हातारीनं काठीनं छत ठोकलं. ठक ठक. मायलेक एकदम गप्प. जपानात आल्यापासून भांडायचं ते पण कुजबुजत.

"शाळा सोडलीस, आता बापाचा व्हिसा घालव," आमा दबक्या आवाजात म्हणाली.

दोन वर्षं वर्गात नुसता फळ्याकडे बघत बसला होता तो. एक अक्षर कळेना, म्हणून सोडली. नेपाळात, गावी बागलुंगला डोंगराच्या या कडेवरून शीळ घातली की पलीकडून दोस्त दिपेन ओ द्यायचा. इथं नदीवर जाऊन एकदा जोरात शीळ घालायची, बास, एवढंच हवं होतं त्याला. दार हळूच लावून निघाला. धाडकन आपटता येत नाही, त्याचाच जास्त राग.

सायकल शेजारच्या खड्का दाजूंची, थोरल्या भावासारख्या. कायमचे गावी जाताना चावी हातात ठेवून गेले, "घे भाइ, तुझीच." कागदबिगद कोण करतं? दिली म्हणजे दिली.

सिग्नलला दोन पोलिसांनी अडवलं. दोघं हसत होते. इथं राहायच्या परवान्याचं कार्ड मागितलं, दिलं. एकानं वाकून सायकलवरचा नंबराचा स्टिकर वाचला, वायरलेसवर सांगितला. उत्तर आलं आणि हसू गेलं. मग प्रश्नावर प्रश्न.

निमेषला एक शब्द कळेना. हॉटेलात तंदूरवर राबणाऱ्या बाबांनी एकच शिकवलेलं: मालक असो की पोलीस, काही विचारलं की 'हाई' म्हणायचं, म्हणजे हो, आणि मान झुकवायची.

"हाई," तो म्हणाला. "हाई. हाई."

पोलिसानं ते लिहून घेतलं, कार्ड खिशात घातलं. दुसऱ्यानं सायकलचं हँडल धरलं. एक बाई पोराला ओढत पलीकडच्या फुटपाथवर गेली.

मग पोलिसानं फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे दुभाषी, नेपाळी बोलणारी बाई! रडूच यायचं बाकी होतं.

"भाइ, सायकल दुसऱ्याच्या नावावर आहे. न विचारता उचललीस का, असं विचारलं यांनी. तू हो म्हणालास. तीनदा."

"दिदी, आईशप्पथ, दाजूंनी दिली मला!"

"मग लाव त्यांना फोन."

आपल्या फोनवरून लावला. बंद. परत लावला. बंद. दाजूंच्या गावात रेंज असली तर असली.

"ठाण्यात यावं लागेल," बाई म्हणाली. "तुझ्या बाबांनापण बोलावतायत. त्यांचं कार्ड घेऊन."

पळावं? नदी तर समोरच दिसत होती. पण कार्ड पोलिसाच्या खिशात.

खिशात फोन थरथरला. आमा.

"कुठं उलथलायस? ताटातला ढिडो गार झाला. ये रे, नाही ओरडत मी."

पोलिसानं गाडीचं दार उघडलं. परत तेच हसू.

"आमा, ठेव. मला जायचंय आता."