श्यामलाअक्कांचा हात

शलाकाने श्यामलाअक्कांच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत व्हॅसलीन चोळलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं.

"दार स्वल्प लोटून घे गं," अक्का म्हणाल्या. "कोणी बघायला नको."

शलाकाने दार लोटलं.

बंगळूरच्या बसवनगुडीजवळच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात ती पुण्याहून मेणाचे जुने नमुने दुरुस्त करायला आली होती. कपाटात फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेले हात, पाय, चेहरे होते. प्रत्येकावर एकेक त्वचारोग, आणि कातडी सगळ्यांची गोरी. तिथे कुष्ठरोगाचा चट्टा लालसर दिसायचा. अक्कांच्या सावळ्या हातावर तो फिकट उमटला, आणि डॉक्टर शिबं समजून मलम देत राहिले. प्राध्यापक शेषगिरींनी ओळखला तोवर दोन बोटं बधिर झाली होती. आता औषधं पुरी होऊन रोग गेला होता. शेषगिरींना मुलांना शिकवायला आपल्या रंगाचा एक हात हवा होता. बंगळूरच्याच मराठी घरातल्या अक्का 'सरी', म्हणजे बरं, म्हणाल्या खऱ्या, पण आल्या त्या लांब बाह्यांचा ब्लाउज घालून.

"घरी माहीत आहे?" शलाकाने विचारलं.

"ह्यांना आहे. गल्लीत सांगितलंय, तेल उडालं म्हणून. कार्याला बोलावतात, पण वाढायला मी उठतच नाही."

शलाकाने प्लास्टरचा पहिला थर हलक्या हाताने पसरला.

प्लास्टरचा साचा नीट निघाला, पण त्यात ओतायच्या मेणाच्या रंगाने शलाकाला दमवलं. मेणात तपकिरी मिसळली की हात मातकट दिसे, पिवळा वाढवला की आजारी. अक्का पुन्हा येऊन खिडकीपाशी बसल्या, बाही वर करून, आणि शलाका बघून बघून रंग चढवत गेली.

हात तयार झाला तेव्हा अक्का तो बघायला जवळ आल्या. मग मेणातल्या चट्ट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"एवढाच आहे होय," त्या म्हणाल्या. "मला केवढा वाटायचा."

शलाका कपाटासाठी इंग्रजीत पाटी लिहीत होती. रोगाचं नाव, उजवा हात, स्त्री. अक्कांनी वाकून वाचलं.

"नाव नाही लिहायचं?"

"नावं लिहीत नाहीत, अक्का. कोणाचीच नाहीत इथे."

"माझं लिही."

शलाकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन पुन्हा उचललं.

"नाव मराठीत लिहू?"

"कन्नडमध्येही लिही," अक्का म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या बायकांना मराठी कुठे वाचता येतं."