गाळलेली ओळ

अपेंडिक्स फुटलेल्या नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेल्यापासून शिंपीणबाई बाहेरच्या बाकावर बसून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत होत्या. शेजारी नणंद होती. पाचव्या खेपेला तिने टोकलंच, "वहिनी, एक ओळ गाळताय तुम्ही. देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, ती."

"मुद्दाम गाळतेय," शिंपीणबाई फणकारल्या. "त्याची इच्छा काय आहे, मला काय ठाऊक? आज माझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे."

पण एक टाका सुटला की सगळी शिवण उसवत जाते, तसं बाईंचं झालं. पुढचे शब्द आठवेनात, हात पदराचं टोक पिळत राहिले. शेवटी तिसऱ्या तासाला त्यांनी डोळे घट्ट मिटून ती ओळ एकदाची म्हणून टाकली आणि हमसून हमसून रडल्या. रडणं ओसरलं तेव्हा हात मांडीवर शांत पडले होते.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. "धोका टळला. शुद्धीवर आलेत. दुकानाला कुलूप लावलं का, विचारताहेत."

शिंपीणबाईंनी नाक पुसलं आणि वर छताकडे पाहिलं.

"तुझीही इच्छा हीच होती, तर आधी सांगायला काय जिवावर आलं होतं?"