खिडकीतली जुई

मित्रांनो, मी एक जुनी जुई आहे. वेल म्हटली की तुम्हाला अंगण आठवेल, मांडव आठवेल. माझ्या नशिबी विक्रोळीतली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आली. तिच्या लोखंडी जाळीलाच मी माझा मांडव मानला.

मला इथे आणलं गुणाजीने. देवगडहून येताना माझी एक कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून तो एसटीत मांडीवर घेऊन बसला होता. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून, माती नि शेणखत भरून त्याने मला रोवलं. त्याची बायको शकु हसली. इथे माणसांना ऊन मिळत नाही, हिला कुठून मिळणार, म्हणाली. पण सकाळचं ऊन त्या खिडकीत यायचं आणि तेवढं मला पुरायचं. कारखान्यातून आला की गुणाजी आधी माझ्या मातीत बोट खुपसून ओल बघायचा. कोरडी लागली तरच पाणी. नवे धुमारे सुतळीने सैल बांधायचा.

पावसाळ्यात मी बहरायचे. उन्हं कलली की शकु टपोऱ्या कळ्या खुडायची आणि शेजारच्या द्रौपदीबरोबर दारात बसून गजरे करायची. द्रौपदीचा नवरा तरुणपणीच वारला होता, तरी ती बुद्धविहारात जाताना गजरा माळूनच जायची. शकुने लेकीचं नाव गंधाली ठेवलं तेही माझ्यामुळेच. काय दिवस होते ते! जिना चढणारी माणसं आमच्या दाराशी उगाच रेंगाळायची.

मग एका थंडीत गुणाजी गेला. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. पुढच्या पावसात मी नेहमीसारखी फुलले, पण शकुने एक कळी खुडली नाही. फुलं जाळीतच सुकली. संध्याकाळी ती खिडकी लावून घ्यायची. वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी तिने कात्री घेतली आणि वीतभर बुंधा ठेवून मला छाटून टाकलं.

"तोच नाय, तर ह्यो वास तरी कशाला," एवढंच म्हणाली. छाटलेल्या फांद्या तिने पदरात गोळा केल्या, म्हणून मला राग आला नाही.

मित्रांनो, थंडीतल्या छाटणीने जुई मरत नाही, उलट जोमाने फुटते. शकु तेव्हा ते विसरली होती. द्रौपदी मात्र येता-जाता मला पाणी घालायची, धुतलेला चहाचा चोथा मातीत मिसळायची. शकुने तिला कधी अडवलं नाही. उन्हाळ्यात मला फुटवे आले. श्रावणात तर फुलांमागे जाळी दिसेनाशी झाली.

त्याच श्रावणात, सासरहून माहेरी आलेल्या गंधालीचं डोहाळजेवण होतं. द्रौपदीने माझ्या कळ्यांचे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा असे सगळे दागिने गुंफले. गंधाली पाटावर बसली, बायका जमल्या. शकु तेवढी आत पुऱ्या तळत राहिली. ओटीची वेळ झाली तशी गंधालीने आईला हाक मारली. गुणाजीची बहीण हळूच म्हणाली की, विधवेने ओटी भरू नये, वहिनीला ते कळतं.

गंधालीने आवाज चढवला नाही. "मग राहू दे, आत्या. पहिली ओटी आई भरेल, नाहीतर कोणीच नको."

द्रौपदी उरलेला गजरा घेऊन आत गेली. तिने गॅस बंद केला, शकुच्या हातातला झारा काढून घेतला.

"लग्नाआधी फुलं माळायचीस ना गं तू?"

"माळायचे."

"मग ती नवऱ्याची कशी? तुझीच की."

शकुने पाठ वळवली आणि मान खाली घातली. द्रौपदीने तिच्या अंबाड्यावर गजरा माळला.

शकु बाहेर आली तेव्हा आत्या उठल्या. आता त्या निघून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि शकुच्या हातात दिला. लेकीच्या ओटीत तो घालताना शकु रडली, आणि मग हसलीही.

मित्रांनो, घरात वेल लावलीत तर तिला ऊन द्या, पाणी बेताने घाला, थंडीत न घाबरता छाटा. कळ्याही खुडा. माळलेलं फूलसुद्धा सुकतंच, पण एक संध्याकाळ कुणाच्या तरी केसांत जगून जातं. आणि तुमच्या घरातली एखादी आई, आजी, मावशी फुलांपासून दूर सरून बसली असेल, तर ती मागेल म्हणून थांबू नका. गजरा घेऊन तुम्हीच तिच्यापाशी जा.