कापायचा खिसा

शालूबाईनं पिशवीतून कोपरी काढली आणि शिलाई मशीनच्या फळीवर ठेवली. मशीन चालवणाऱ्या रसूलचे पाय जागच्या जागी थांबले. सदऱ्याच्या आत घालायची, मांजरपाटाची ती कोपरी त्यानंच शिवलेली होती. पाठीचा निम्मा भाग काळपट तपकिरी झाला होता आणि तेवढं कापड पापडासारखं कडक झालं होतं.

“धुतली न्हाई,” शालूबाई म्हणाली. “धुवावी का नगं, ते कळंना.”

तिच्यामागं, दुकानाच्या पायरीखाली, केरबा उभा होता. केरबा तिच्या नवऱ्याचा, नाथाजीचा, चुलतभाऊ. दोघंही आप्पासोंच्या गलाईच्या दुकानात, तिकडं दक्षिणेत, सोनं गाळायच्या कामावर होते. दसऱ्याला गावाकडं येताना नाथाजी धावत्या गाडीतून पडून मेला, एवढं विट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. केरबानं तिकडंच त्याला अग्नी दिला होता आणि पंचनाम्यानंतर पोलिसांनी दिलेले कपडे घेऊन तो एकटाच मिरजेला उतरला होता. तेरावा झाल्यावर शालूबाई पहिल्यांदाच पेठेत आली होती. समोरचे दुकानदार तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होते.

त्याला कारण होतं. नाथाजीजवळ आप्पासोंचं सोनं होतं. बिनपरवाना सोनं बाळगायला बंदी करणाऱ्या सोन्याच्या कायद्यामुळं आप्पासोंना पोलिसांत जाता येत नव्हतं, म्हणून ते विट्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून नुसते विचारत होते. आरोप करत नव्हते. नाथाजी आपोआप पडला, की त्याच्या वाटेकऱ्यांनी त्याला ढकलला. सोनं गाडीतच गेलं, की आधीच कुठं उतरलं, एवढंच विचारत. आप्पासोंनी विचारलं की उत्तर द्यायला गाव बसलेलंच होतं.

“लोक म्हनत्यात, चोरानंच चोराला ढकललं,” शालूबाई म्हणाली. “मला सोनं नगं, रसूलभाई. पर ते ह्यात हाय का न्हाई, एवढं सांगा. ह्येंनी चोरखिसा कुठं हाय ते मला कवा सांगितलं न्हाई. ब्लेड लावायला मन हुईना.”

“सांगू नगं म्हनून मीच म्हनलं हुतं,” रसूल म्हणाला.

रसूलचं दुकान एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. सदरे, पैरणी, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या तो शिवायचा, पण त्याचं नाव झालं होतं ते चोरखिशासाठी. दुष्काळाच्या सालात विट्याकडची पोरं गलाईच्या कामाला मिळेल त्या गावाला निघाली आणि वाटेत लुटली जाऊ लागली, तेव्हापासून ती निघण्याआधी रसूलकडं यायची. प्रत्येकाचा खिसा वेगळ्या जागी. कुणाचा काखेच्या चौकटीत, कुणाचा कमरेच्या नाडीमागं. कुणाचा कुठं हे रसूल आणि तो माणूस, दोघांनाच ठाऊक. खिशाचं तोंड त्या माणसानं स्वतः शिवायचं. म्हणून रसूल त्यांना आधी सुई धरायला शिकवायचा.

दुसरं म्हणजे हात. “चोराला खिसा दिसत न्हाई गड्या,” तो सांगायचा, “त्येला तुजा हात दिसतो.” दर चार पावलांवर माणसाचा हात ठेवणीच्या जागी जातो, आहे ना बघायला. म्हणून कोपरी तयार झाली की रसूल तिच्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा आणि गिऱ्हाइकाला स्टँडपर्यंत जाऊन यायला लावायचा. स्वतः दारात उभा राहून बघायचा. हात गेला की पुन्हा फेरी. पेठेतली माणसं ही करमणूक बघायला थांबायची आणि एखाद्याची चौथी फेरी झाली की, गाढवालाबी एवढं फिरवत न्हाईत, असं म्हणायची.

आणि तिसरं, वरचा खिसा मोकळा ठेवायचा. सदऱ्याच्या खिशात विडीसुद्धा नको, तिकीट टोपीत. वर काही असलं की ब्लेड तिकडं वळतं, आणि चोर एकदा अंगाशी आला की पुढचं काही सांगता येत नाही.

नाथाजी पहिल्याच फेरीत पास झाला होता. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं लोंबती सोडून तो स्टँडपर्यंत गेला आणि तसाच परत आला. रसूलनं त्याला त्या दिवशी चहा पाजला होता.

आता त्यानं कोपरी उलटी केली. नाथाजीचा खिसा पाठीवर होता, मानेखालच्या दुहेरी पट्टीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. माणसाचा स्वतःचाच हात जिथं नीट पोचत नाही, तिथं चोराचा कुठून पोचणार, असा त्याचा हिशेब होता. रक्त नेमकं तिथंच जास्त सुकलं होतं. सगळंच कापड ताठ झाल्यामुळं आतलं काही वेगळं हाताला लागत नव्हतं. पोलिसांनी झटकून बघितली असेल आणि ठेवून दिली असेल.

पट्टीच्या कडेला त्याला नाथाजीचे टाके दिसले. लांब, वाकडेतिकडे, पण दोरा दुहेरी आणि शेवटी दोन गाठी. शिकवलं होतं तसं. रसूलनं कात्रीचं टोक गाठीखाली घातलं आणि तसंच धरलं. शालूबाई त्याच्या हाताकडं बघत होती. मग त्यानं दोरा तोडला.

पातळ ठोकलेली सोन्याची पट्टी फळीवर आली. ती सरळ नव्हती. नाथाजीच्या पाठीला जेवढा बाक होता तेवढीच ती वाकलेली होती.

केरबा पायरी चढून आत आला. शालूबाईनं पट्टीला हात लावला नाही.

“हाय म्हनायचं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “चोरांना सापडलं असतं तर ह्येंचा जीव ऱ्हायला असता, न्हवं?”

तिनं हे कुणालाच उद्देशून विचारलं नव्हतं.  रसूलनं पट्टी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आप्पासोंकडं पोचवायला केरबाच्या हाती दिली. जाताना शालूबाई म्हणाली, उसवलं तेवढं परत शिवून द्या. खिशात आता काही नव्हतं, पण रसूलनं कारण विचारलं नाही. नाथाजीच्या सुईनं पाडलेली भोकं ताठ कापडात तशीच उघडी होती. त्यानं त्याच भोकांतून दोरा नेला, तसेच लांब, वाकडे टाके घातले आणि शेवटी दोन गाठी मारल्या.

आप्पासोंनी सोनं वजन करून घेतलं आणि ते बरोबर भरलं. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना ते म्हणाले, नाथाजी म्हणजे माणूस नव्हता, बावनकशी होता, हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो. तेराव्याचा खर्च त्यांनी उचलला. शालूबाई परत पेठेतून गेली तेव्हा दुकानदार उठून उभे राहिले. तिनं कुणाकडं बघितलं नाही.

नाथाजीचं नाव धुऊन निघालं, आणि संध्याकाळपर्यंत बोलणं त्याच्यावरून रसूलवर आलं. गाडीतल्या चोरांना सापडला नाही, पोलिसांना सापडला नाही, असा खिसा. समोरचा चहावाला तात्याबा गिऱ्हाइकांना सांगत होता, “यमानं मानूस न्हेला गड्या, पर रसूलचा खिसा त्येलाबी घावला न्हाई.” लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीनंतर निघणारी पोरं कापड घेऊन येऊ लागली. सगळ्यांना पाठीवरचा खिसा हवा होता. नाथाजीसारखा.

रसूलनं कापडं ठेवून घेतली, पण एकालाही कात्री लावली नाही. केरबा रस्त्यानं जाताना दिसला तसा त्यानं त्याला आत बोलावून घेतलं, दाराला पडदा ओढला आणि गाडीत काय झालं ते विचारलं.

केरबानं सांगितलं ते असं. गर्दीमुळं तो मागच्या डब्यात चढला होता आणि नाथाजी पुढच्या. त्यानं स्वतः काही बघितलं नाही. नाथाजीच्या डब्यात एक म्हातारा बांगडीवाला कासार होता. सगळं झाल्यावर साखळी ओढली गेली, तेव्हा त्यानं केरबाला सांगितलं. आधी एक पोरगा नाथाजीला खेटून उभा राहिला आणि त्यानं ब्लेडनं त्याच्या सदऱ्याचा खिसा कापला. नाथाजीला ते कळलं होतं, पण तो बोलला नाही. एरवी असला पोरगा पुढच्या स्टेशनला उतरून जातो.

“आत कायच न्हवतं,” केरबा म्हणाला. “विडीसुदिक न्हाई. त्येनं खिशात बोट घालून दुसऱ्यांला दावलं. तवा त्यातला मोठा हसला म्हनं. म्हनला, सणाला घरी निघालाय, बोटं तेजाबानं पिवळी हायत आन् खिशात दमडी न्हाई? मंजे आत लय हाय.”

मग ते चौघं झाले. नाथाजीला त्यांनी दाराकडं नेला. टोपी, कंबर, वहाणांचे तळ, सगळं चाचपलं. कुठं ठेवलंय सांग, म्हणून मारलं. काय न्हाई, एवढंच तो म्हणत होता. शेवटी त्यांनी त्याला दारातून ढकलला. डब्यातली माणसं दुसरीकडं तोंड करून बसली होती. बांगडीवालाही बसला होता, हे त्यानं स्वतःच कबूल केलं.

रसूलनं फळीवरची कात्री उचलून बाजूला ठेवली. मग त्यानं जे विचारलं त्याची त्यालाच नंतर लाज वाटली.

“हात गेला का त्येचा? पाठीकडं?”

“न्हाई,” केरबा म्हणाला. “हात जोडून हुबा हुता म्हनं. शेवटपत्तोर.”

रात्री रसूल जेवायला बसला आणि भाकरी मोडून तशीच ठेवून उठला. त्याच्या बायकोनं, मेहरुनबीनं, ताट झाकलं. तिला पेठेतलं सगळं कळलेलं होतं. पेठेतल्या बायका तिचंही कौतुक करून गेल्या होत्या. ती म्हणाली, तुम्ही काय त्याला ढकलायला गेला नव्हता. रसूल म्हणाला, आपण त्याला लय चांगलं शिकवलं. पोरग्याला चार रुपये मिळाले असते तर तो गेला असता. आपण त्या खिशात काहीच ठेवू दिलं नाही.

चोरखिसे बंद करणार, असं त्यानं सांगितलं. मेहरुनबीनं थोडा विचार केला.

“पोरं जायची थांबनार हायत व्हय?” ती म्हणाली. “तुमी न्हाई शिवलं तर दुसरा शिवंल. वाईट शिवंल.”

“वाईटच शिवाय पायजे हुतं,” रसूल म्हणाला.

दिवाळी झाली. आप्पासोंनी केरबाला परत बोलावणं धाडलं; नाथाजीचं कामही आता त्यालाच बघायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो कोपरीसाठी आला. रसूलनं ती तयार ठेवली होती. खिसा कुठं, ते त्यानं त्याच्या कानात सांगितलं. तो पाठीवर नव्हता.

मग त्यानं केरबाचा सदरा मागून घेतला. त्यावरचा शिवलेला खिसा काढून टाकला आणि तिथं दुसरा लावायला घेतला. एकेरी, जुना दोरा. लांब टाके. हे काम त्याला कोपरीपेक्षा जड गेलं. हात ऐकत नव्हते. सवयीनं कडेला बारीक, घट्ट टाका पडायचा आणि तो त्याला उसवावा लागायचा. तात्याबा चहा द्यायला आला तेव्हा थांबून बघायला लागला. म्हणाला, रसूल, डोळं गेलं का रं तुझं? रसूल पडलेला बारीक टाका उसवत राहिला.

केरबानं सदरा अंगात घातला आणि खिशाला बोट लावून बघितलं.

“ह्यो तर नुस्ता वढला तरी फाटंल की.”

“फाटू दे.” रसूलनं आपल्या गल्ल्यातून काही सुट्ट्या नोटा काढल्या, घडी केली आणि त्या खिशात अशा ठेवल्या की वरून टोक दिसावं. “गाडीत कोन खेटला तर हालायचं न्हाई. हे न्हेऊ द्यायचं. न्हेलं की वरडायचं, गेलं, गेलं, सगळं गेलं म्हनून. रडायचं. कपाळाला हात लावायचा. लोकांफुडं लाजायचं न्हाई.”

“आन् तेवढ्यानं न्हाई भागलं तर?”

रसूलनं त्याच्या सदऱ्याची गुंडी लावली. “तर आतलंबी द्यायचं. आप्पासोंला मी सांगतो. तू जिता परत यायचं.”

केरबानं मान हलवली. तो आप्पासोंना ओळखत होता. रसूलही ओळखत होता.

मग नेहमीप्रमाणं फेरी. केरबा स्टँडच्या दिशेनं निघाला. तात्याबाच्या दुकानातली माणसं कप हातात घेऊन रस्त्यावर आली. वाटेतल्या लिंबाच्या झाडापर्यंत केरबा नीट गेला. मग त्याचा उजवा हात वर आला आणि छातीवरच्या खिशातल्या नोटांना लागला. तात्याबाचं गिऱ्हाईक खो खो हसलं. दुसरी फेरी, असं कुणीतरी ओरडलं.

केरबानं चटकन हात खाली घेतला. जागीच वळून तो दुकानाकडं बघत राहिला. आता रसूल आवाज देणार आणि परत बोलावणार.

रसूल दारात उभा होता. त्यानं आवाज दिला नाही. त्यानं आपला उजवा हात उचलून स्वतःच्या सदऱ्याच्या वरच्या खिशावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. हसणारी माणसं एकेक करून गप्प झाली. केरबाला उमजायला थोडा वेळ लागला. मग त्याचाही हात हळूहळू वर गेला, खिशावर टेकला, आणि तो तसाच, सगळ्यांना दिसेल असा, स्टँडकडं चालू लागला.