राघोला पाणी कळतं

पाड्यात कुणालाही विचारा, पाणी कुणाला कळतं, तर एकच नाव यायचं. राघो. डोळखांबच्या बाजूचा हा पाडा. मागे डोंगर, पुढे धरणाचं पाणी. होडीनं दीड तासात पाणी ओलांडलं की डांबरी रस्ता, आणि रस्त्याला लागलं की शहापूर. पाणी नको असेल तर आजारी माणूस झोळीत घालून डोंगर चढायचा, पाच तास. म्हणून सगळा पाडा राघोच्या होडीवर, आणि होडी आज निघायची की नाही हे ठरवायचा राघो.

समुद्र बघितलेली माणसं हसतात, धरणाच्या पाण्याला कसली भीती म्हणून. हसोत बापडी. उन्हं चढली की खिंडीतून वारा सुटतो आणि मधोमध, जिथे जुनी नदी खाली बुडालीय, तिथे अशा आखूड, उभ्या लाटा उठतात की वल्हं कुठे घालावं ते सुचत नाही. दुपारी वारा पडला की सगळं परत गप. वरच्या पाड्याची होडी अशीच गेली होती, तीन माणसांसकट. राघोची मात्र चाळीस वर्षांत एकदाही पाण्यात अडकली नाही.

आता पाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगतो. राघोला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हातात ताकद होती, वल्हं मारावं तर त्यानंच. पण वारा कधी येणार हे कळायचं त्याच्या बायकोला, भागीरथीला. ती पहाटे काठावर भांडी घासायची. घासून झालं की मूठभर राख पाण्यात सोडायची आणि बघत बसायची. राख आत सरकते का, काठाशी परत येते का, पसरते की गोळा होते. मग खिंडीकडे एकदा मान वळवायची. झालं तिचं काम.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती म्हणाली होती, "आज जाऊ नका." हा शहाणा हट्टानं गेला आणि जीव मुठीत धरून परत आला. तेव्हापासून चाळीस वर्षं तो तिच्या शब्दाबाहेर गेला नाही. पण चारचौघांत बायकोला विचारायचं कसं? मिशीला कमीपणा येतो ना! म्हणून दोघांनी खूण ठरवली. माणसं होडीशी जमली की भागीरथी काठावर येऊन उभी राहायची. पदर डोक्यावर घेतला की जायचं. कमरेला खोचला की नाही. मग राघो आभाळाकडे बघून, दाढी खाजवून म्हणायचा, "नाय, आज पाणी उठनार." नऊ-साडेनऊला खरंच पाणी उठायचं आणि माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायची.

त्यानं कधी तिचं नाव घेतलं नाही. तिनंही मागितलं नाही. एकदाच म्हणाली होती, "लोक तुमाला लई शानं समजतात हां," आणि हसली होती. राघोही हसला. खरं तर मेल्याला लाज वाटायला हवी होती.

मग वैशाखातली ती सकाळ. भागीरथी अंथरुणातून उठलीच नाही. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं, बोलायला जावं तर नुसता घोगरा आवाज. मुलगा दिपेश आटगावच्या बाजूला गोदामात कामाला, तो सुट्टीवर आलेला होता. त्यानं टेकाडावर जाऊन रेंज पकडली, फोन लावला. पलीकडच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स येते म्हणाले, पण उशीर करू नका, चार तासांच्या आत दवाखान्यात पोचली तर आशा आहे, नाहीतर काही खरं नाही.

साडेआठला होडीत गोधडी अंथरली. दिपेशनं आणि शेजारच्या काळूरामनं तिला उचलून आणलं. सून नेहा आधीच होडीत बसली होती, तिनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी ताटात ओतून ठेवल्यासारखं निवांत होतं.

सगळे राघोकडे बघायला लागले. राघोनं कुणाकडे बघावं? चाळीस वर्षं तो आभाळाकडे बघत आला होता, आणि आज त्या आभाळात त्याला काही म्हणता काही दिसेना. तो घरात गेला, चुलीतली मूठभर राख घेऊन आला आणि काठावर उकिडवा बसून पाण्यात सोडली. थोडी राख आत सरकली. थोडी त्याच्या पायाशी येऊन थांबली. म्हणजे काय समजायचं? त्याला रडायलाच आलं. इतकी वर्षं ही बाई शेजारी बसून हे वाचत होती, आणि त्याला एकदाही नीट शिकून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

"बाबा, काय करताय?" दिपेश म्हणाला. "चला. मोबाइलवर बघितलंय मी, वारा नाय आज."

"चल," राघो म्हणाला आणि होडीत चढून त्यानं वल्हं उचललं.

तेवढ्यात त्याचं लक्ष भागीरथीकडे गेलं. तिचा चांगला राहिलेला डावा हात पोटावर काहीतरी चाचपत होता. हाताला पदराचं टोक लागलं. ते तिनं कमरेशी नेलं, खोचायला गेली, निसटलं. परत खोचलं. डोळे राघोवर. नेहाला वाटलं, आईंना चारचौघांत संकोच होतोय. तिनं पदर सोडवला आणि नीट डोक्यावरून घेतला. भागीरथीनं तो ओढून काढला आणि पुन्हा कमरेला नेऊन खोचला.

राघोनं वल्हं खाली ठेवलं. "नाय जायाचं. पाणी उठनार."

"कुठं उठनार? बघा तरी समोर!" दिपेशचा आवाज चढला.

"राघोदादा बोलतोय म्हंजे उठनार," काळूराम मध्ये पडला. "आजवर कदी चुकलाय का? आईला मधी बुडवायची हाय का तुला?"

"मग झोळी करू. डोंगरावरनं नेऊ."

"या उनात पाच तास?" राघो म्हणाला. "वारा येऊन जाऊ दे. दुपारला निघू. झोळीला बी तेवढाच वेळ लागंल."

दिपेशनं होडी परत काठाला बांधली. बापाचं पाणी चुकत नाही हे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

भागीरथीला काठावरच्या जांभळीखाली ठेवलं. नऊ वाजले. दहा वाजले. पान हलेना. दिपेश पाण्यापर्यंत जायचा, हात भिजवून परत यायचा, बापाकडे बघायचा. राघो खिंडीकडे डोळे लावून बसला होता. जन्मभर ज्या वाऱ्याला तो भ्याला, त्याच वाऱ्याला आता मनातल्या मनात हात जोडत होता. ये रे बाबा, ये. तिला खोटी पाडू नको. अकरा वाजता भागीरथीची शुद्ध हरपली, श्वास तेवढा चालू होता. पदर कमरेला तसाच होता.

बारा वाजता राघो उठला. होडी निघाली. मधोमध, जुन्या नदीवर, एक लाट आली नाही. दीड तास फक्त वल्ह्यांचा आवाज आणि नेहाचं मुसमुसणं.

शहापूरला डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला. दिपेशनं सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "सकाळीच आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी भागीरथी गेली.

दहाव्याला पाड्यातली पुरुषमाणसं काठावर जमली. विधी उरकले. पाणी त्या दिवशीही गप्पच होतं. दिपेश बापासमोर येऊन बसला. दहा दिवस पोटात ठेवलेलं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमाला काय दिसलं? कशावरनं बोललात पाणी उठनार?"

काळूरामनं मान खाली घातली.

कशावरनं? राघो दहा दिवस दुसरं काही विचारत नव्हता. त्या सकाळी ती पाण्यापाशी गेलीही नव्हती, मग तिनं काय वाचलं? निजल्या जागेवरून खिंडीत तिला कुणाला न दिसलेलं काही दिसलं का? की बिचारीला परक्या खाटेवर मरायला जायचंच नव्हतं, आणि सांगायला तिच्याकडे तेवढी एकच खूण उरली होती? की हाताला आपण काय करतोय तेच कळत नव्हतं? सांगणारी गेली, आणि तो चाळीस वर्षं तिला विचारून चाललेला माणूस, हे कुणाला विचारणार?

एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तुझ्या आईनंच नको म्हणून सांगितलं. आणि ते खरंही होतं. पण चाळीस वर्षं तिचं बरोबर आलेलं सगळं त्यानं आपल्या नावावर घेतलं होतं. एवढं एक चुकलेलं तिच्या नावावर कसं टाकणार?

"काय नाय दिसलं," राघो म्हणाला. "माजं चुकलं."

"चाळीस वर्षांत नाय चुकलात, आन् आईच्याच टायमाला चुकलात?"

"हां. माजंच चुकलं."

दिपेश उठला आणि काळूरामला म्हणाला, "काका, उद्या होडीचं वल्हं तुमी घ्या, मला पलीकडं सोडा." काळूराम बरं म्हणाला, आणि दोघं घराकडे चालायला लागले.